दुधाच्या दातांची अकाली हानी

बालकाचा दुधाचा दात नैसर्गिक वेळेपूर्वी पडणे किंवा काढावा लागणे, यास दुधाच्या दातांची अकाली हानी म्हणतात. दातांची कीड व अपघात ही तिची प्रमुख कारणे होत. तिच्यामुळे संपूर्ण जबड्याची वाढ खुंटत नाही. मात्र कायमच्या दातांसाठी असलेली जागा कमी होऊ शकते.

दात व जबड्याची वाढ

जबड्याचे मूळ हाड दात नसतानाही बऱ्याच अंशी वाढते. दातांची मुळे धरून ठेवणारा हाडाचा भाग मात्र दातांबरोबरच तयार होतो व दात गेल्यावर झिजतो. एक्टोडर्मल डिस्प्लेशिया या आनुवंशिक विकारात अनेक दात जन्मतःच नसतात. अशा मुलांमध्ये हा भेद स्पष्ट दिसतो. चार्ल्स डार्विन यांनी सिंधमधील अशा एका कुटुंबाची नोंद केली आहे. त्यातील चार पिढ्यांमधील दहा पुरुषांना मोजकेच दात व विरळ केस होते.

परिणाम

दुधाचे दात २० असतात. सुमारे सहाव्या वर्षी त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने पालक अनेकदा तिला दुधाचीच दाढ समजतात. तिच्या लगत पुढे असलेली दुधाची दाढ १० ते १२ वर्षांपर्यंत टिकणे अपेक्षित असते. ती लवकर गेल्यास कायमची दाढ पुढे सरकते आणि त्या जागी येणारी उपदाढ वाकडी येते किंवा हाडात अडकते. ही जागा बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांतच कमी होते.

उपचार

कीड वेळीच भरून दात टिकवणे हा उत्तम उपाय होय. दाढ काढावी लागल्यास रिकामी जागा राखणारे तारेचे उपकरण बसवतात.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दंतविकारांचाही समावेश आहे. कार्यक्रमानुसार फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात. धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले हंगामात अनेक महिने गावाबाहेर असतात. पथक त्याच काळात आल्यास त्यांची तपासणी हुकते आणि जागा राखण्याची मुदत निघून जाऊ शकते. त्यामुळे दाढ काढल्यावर पुढील तपासणीची वाट न पाहता दंतवैद्यांचा सल्ला घेणे हितावह ठरते.