वस्तादाचा पठ्ठा आणि सीएचबीच्या मॅडम

सकाळी सहाच्या सुमारास धायरीहून स्वारगेटकडे निघणारी बस पकडली, तर सिंहगड रोड अजून डोळे चोळत असतो. एम.पी.एड.ची दोन वर्षं मी त्याच बसने गेले. सॅकमध्ये शिट्टी, बारा कोन, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पाठ टाचण. ज्यांनी बी.एड. किंवा बी.पी.एड. केलंय त्यांना पाठ टाचण म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आपण घेणार असलेल्या तासाचा मिनिटामिनिटाचा हिशोब आधी कागदावर लिहायचा: पाच मिनिटं उत्तेजक व्यायाम, दहा मिनिटं कौशल्य, मग खेळ, मग शिथिलीकरण. शेवटी वर्ग विसर्जन.

त्या दिवशी माझा सराव पाठ एका कॉलेजात होता. कॉलेजचं नाव सांगत नाही. पहिल्या वर्षाची बावन्न मुलंमुली समोर होती. माझ्या आज्ञा खणखणीत होत्या, रांगा सरळ होत्या. मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या तेव्हा एक मुलगी पुढे येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मला श्वास लागतो." मी म्हणाले, "नाटकं नकोत, चल." हे वाक्य माझं नव्हतं. शाळेत असताना मी ते दहा वेळा ऐकलं होतं आणि ते कुठेतरी आत जाऊन बसलं होतं. दुसऱ्या फेरीत ती खाली बसली. तिचा पंप वर्गातल्या बॅगेत होता. तिची मैत्रीण पळत गेली, पंप आणला, दहा-पंधरा मिनिटांत ती सावरली. झालं काही नाही. पण मधली ती चार मिनिटं मी नुसती उभी होते, हातात शिट्टी घेऊन.

नंतर निरीक्षण तक्ता हातात आला. आज्ञांची स्पष्टता: पाचपैकी चार. वर्ग नियंत्रण: पाचपैकी चार. साहित्याचा वापर: पाचपैकी तीन. त्या मुलीसाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

संध्याकाळी घरी येऊन हे आमच्या अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे चुलत आजोबा, तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेले. धायरी तेव्हा खरंच गाव होतं. महापालिकेत यायला २०१७ साल उजाडलं. ते म्हणाले, "पोरी, तुला शिकवायला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "कॉलेजनं." "ते न्हाई. आधी कुणाच्या हाताखाली किती दिस हुतीस?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण तो डोक्यात राहिला, आणि मग मी जमेल तसं जुनं वाचायला लागले. आपल्याकडे व्यायाम शिकवणाऱ्याला कोण आणि कसं घडवत होतं?

तालमीत उत्तर सोपं होतं. वस्ताद हौद्याच्या कडेला बसायचा, आणि नव्या पोरांकडून जोर-बैठका करवून घ्यायचं काम मोठ्या पठ्ठ्यांकडे असायचं. पठ्ठा स्वतः शिकत असायचा आणि त्याच वेळी शिकवतही असायचा. कुठल्या पोराचा खांदा दुखतोय, कोण उपाशी आलाय, कोणाला आज माती नको, हे त्याला कळलं नाही तर वस्ताद कडेवरून ओरडायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उभं केलं, आणि पुढे तो पसरला तो शिष्यांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या हातून. मध्ये पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती, नुसती माणसांची साखळी होती.

यात रम्य असं फार काही नव्हतं हेही सांगायला हवं. त्या साखळीत मुली नव्हत्या. जात होती. वस्तादाची मर्जी होती. मी त्या काळात जन्मले असते तर मला हौद्याच्या कडेलाही उभं राहू दिलं नसतं. त्यामुळे 'जुनं ते सोनं' म्हणायला मी बसलेले नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गरज बदलली. दहा पोरांची तालीम नको होती, शेकडो मुलांचा वर्ग हवा होता. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रा. माणिकरावांनी संघ व्यायामाची पद्धत बसवली: एक आज्ञा, शंभर शरीरं. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात शिकलेला एक तरुण म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, पुढचे स्वामी कुवलयानंद, ज्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. योगासनंही वर्गात, रांगेत, आज्ञेवर घेता येतील अशी मांडणी त्यांनी केली आणि मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवरही काम केलं. आज शाळेच्या पटांगणात 'एक, दोन, तीन, चार' वर हात वर जातात त्यामागे ही सगळी मंडळी आहेत.

अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. मूळ आखाडाच, पण त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यायाम शिकवू पाहणाऱ्यांसाठी वर्ग भरवायला सुरुवात केली. क्रांतिकारक राजगुरूही काही काळ याच मंडळात व्यायाम शिकायला होते. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले. पण मला बर्लिनपेक्षा ते उन्हाळी वर्ग महत्त्वाचे वाटतात. तिथे आखाडा आणि शाळा यांची गाठ पडली. दिवसभर आखाड्याच्या माणसांत राहायचं, सगळ्यांच्या देखत घाम गाळायचा, आणि जून उजाडला की आपल्या गावी जाऊन तेच दुसऱ्यांना शिकवायचं. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं, तेही याच हवेत.

इथे जरा सातासमुद्रापार जाऊन येऊ, कारण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १८९१ चा डिसेंबर, अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथली वायएमसीएची प्रशिक्षण शाळा. बाहेर बर्फ, आत अठरा जणांचा एक वर्ग, कवायतीला इतका कंटाळलेला की आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. तो वर्ग जेम्स नेस्मिथ नावाच्या नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडला. तो स्वतः आदल्याच वर्षी तिथे शिकायला आला होता. त्याचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी त्याला चौदा दिवस दिले: या वर्गासाठी काहीतरी नवीन काढ. नेस्मिथने जुने खेळ वापरून पाहिले, फसला, पुन्हा फसला. शेवटी पीचच्या दोन टोपल्या गॅलरीला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. बास्केटबॉल!

आपण ही गोष्ट खेळाच्या जन्माची म्हणून ऐकतो. मला ती एका शिकाऊ शिक्षकाची गोष्ट वाटते. वर्ग ऐकत नाही, तर वर्ग वाईट आहे असं न म्हणता त्याने तास बदलला. आणि गुलिकनी त्याला नापास न करता चौदा दिवस दिले. माझ्या सराव पाठाला पस्तीस मिनिटं होती.

याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं आणि व्यायाम शिक्षक होण्यासाठी रीतसर अभ्यासक्रम ही कल्पना आपल्या देशात रुजली. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ मध्ये, कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ. पुढे १९५७ मध्ये, अठराशे सत्तावनच्या शताब्दीला, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने कॉलेज उभं राहिलं तेव्हा पहिले प्राचार्य म्हणून जोसेफ यांनाच नेलं. तिथे तीन वर्षांची पदवी सुरू झाली. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे कॉलेज १९७७ चं. २०१४ च्या एनसीटीई नियमांनी एक वर्षाचं बी.पी.एड. दोन वर्षांचं केलं.

हे सगळं चांगलंच झालं. आखाड्याच्या दारात उभं राहू न शकणाऱ्या मुली पदवी घेऊन मैदानात आल्या, मी त्यातलीच एक. शरीरशास्त्र आलं, दुखापतींचा अभ्यास आला. अस्थमा असलेल्याला एकदम पळवू नये, आधी हळूहळू तापवावं, पंप जवळ ठेवायला सांगावा, हे मी पेपरात लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते. मैदानात मात्र तोंडातून आलं ते शाळेतलं वाक्य.

कारण डिप्लोमा आला, पदवी आली, पदवीची वर्षं वाढली, तसा अण्णांचा तो 'हाताखाली'चा काळ पातळ होत गेला असं मला वाटतं. बी.पी.एड.ला शाळेत जाऊन पाठ घेतो, इंटर्नशिपही असते. पण कॉलेजात शिकवणाऱ्याचं काय? तिथे माझं तर फारच थोडक्यात आटपलं. शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर यूजीसीच्या नियमांप्रमाणे एम.पी.एड.ला ५५ टक्के हवेत, नेट किंवा सेट किंवा पीएच.डी. हवी आणि वर फिटनेस टेस्ट. तिशीच्या आतल्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर जायचं, बाईने ८ मिनिटांत १००० मीटर. मला पळता येतं की नाही हे बघायची सोय आहे. न पळू शकणाऱ्याला मी कशी सांभाळते, हे सेटच्या पर्यायी प्रश्नांत बघता येत नाही. (धावणं मला जमतं. तक्रार त्याची नाही.)

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पोहणं, टेनिस, वेट ट्रेनिंग असे पदवीच्या मुलांचे तास पदव्युत्तर विद्यार्थीच घेतात. ग्रॅज्युएट टीचिंग असिस्टंट म्हणतात त्यांना. फीमध्ये सवलत मिळते, थोडा पगार मिळतो. तिथेही सगळं आलबेल नाही. कुठे सत्र सुरू होण्याआधी दोन-चार दिवसांची ओळख करून देतात आणि सोडतात पाण्यात. पण कुठे एखादा अनुभवी प्राध्यापक सत्रभर त्यांच्या मागे असतो, दर आठवड्याला बसवून विचारतो, या आठवड्यात काय फसलं? पठ्ठा आणि वस्ताद, दुसरं काय.

आपल्याकडे त्या जागेवर सीएचबी आहे. तासिका तत्त्व. तासाला पैसे, सुट्टीला काही नाही, पुढच्या वर्षीचा भरवसा नाही. मी सध्या सीएचबीच आहे. पहिल्या दिवशी कोणी तरी स्टोअरची किल्ली दिली, फक्कीची गोणी कुठे आहे ते दाखवलं, झोनलच्या तारखा सांगितल्या. शिकवण्याबद्दल कोणी काही बोललं नाही. बोलणार कोण, कायमस्वरूपी माणूस एकच असतो आणि तो संघ घेऊन कुठल्यातरी स्पर्धेला गेलेला असतो.

इतके दिवस हे खपून गेलं, कारण कॉलेजातला खेळ म्हणजे संघात निवडलेली मुलं. त्यांना येतच असतं. आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर सह-अभ्यासक्रमात योग, एनसीसी, एनएसएस यांच्या रांगेत शारीरिक शिक्षणालाही क्रेडिट मिळालं आहे. म्हणजे जी मुलं दहावीनंतर मैदानाकडे फिरकली नव्हती तीसुद्धा क्रेडिटसाठी येऊन उभी राहतात. कोणी सँडलमध्ये, कोणी कॉल सेंटरची रात्रपाळी करून. कोणाला शाळेत 'जाड्या' म्हटलेलं असतं आणि पीटीचा तास म्हणजे काय याचं एकच चित्र त्यांच्या डोक्यात असतं. त्यांच्यासमोर आपण सगळ्यात कमी अनुभवाचा माणूस उभा करतो.

या वर्षी माझ्याकडे एम.पी.एड.चा एक मुलगा सराव पाठांसाठी आला. कबड्डीतला, आवाज दणदणीत. फोल्डर उघडून त्याने टाचण पुढे केलं. मी म्हटलं, "हे राहू दे. पहिले तीन तास तू शिकवायचं नाहीस. तिकडे कडेला उभा राहा आणि जे हलत नाहीयेत त्यांच्याकडे बघ."

त्याला ते अपमानाचं वाटलं असावं. तीन तास निमूट उभा राहिला खरा. चौथ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी वही घेऊन आला. आज्ञांचा कागद नव्हता तो. अकरा नावं होती. एकीच्या पुढे लिहिलं होतं, बूट नाहीत, विचारू नका. एकापुढे, गुडघा, ऑपरेशन, कोणाला सांगितलेलं नाही. दोघांपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

"या दोघांचं काय?" मी विचारलं.

"बोलत नाहीत, मॅडम. अजून एक तास द्याल?"

मी शिट्टी त्याच्याकडे न देता गळ्यातच ठेवली, आणि तो परत कडेला जाऊन उभा राहिला.