नेसरीचे सहा स्वार आणि एक घराणे

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवीत होतो, तेव्हाची गोष्ट. सातवीचा वर्ग घेऊन एकदा नेसरीला गेलो. खिंडीपाशी मुलांना बसवले आणि सरनोबत प्रतापराव गुजरांचा प्रसंग सांगितला. खरे म्हणजे सांगण्यासारखे माझ्याकडे फार नव्हते. कुसुमाग्रजांची कविता आणि लता मंगेशकरांनी गायलेले तिचे गाणे यांनी हा प्रसंग महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवलेला आहे. मुलांना तो माझ्याआधीच पाठ होता. परत निघालो तेव्हा आमच्या वाड्यातला एक पोरगा माझ्या बाजूने चालत होता. तो म्हणाला, "सर, सातांतल्या एकाचंच नाव सांगितलासा. बाकीचं सहा कोण? त्यात आपलं कोण हुतं का?"

मी उत्तर दिले नाही. एस. टी. आली, पोरे चढली, प्रश्न तिथेच राहिला. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. त्या पोराला जे सांगायला हवे होते, ते आज लिहितो आहे.

आधी ज्याचे नाव माहीत आहे त्याच्याविषयी. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले भोसरे हे कडतोजी गुजरांचे गाव मानले जाते. नेताजी पालकरांना 1666 साली सरनोबतीवरून दूर केल्यावर घोडदळाची सरनोबती कडतोजींकडे आली आणि 'प्रतापराव' हा किताबही मिळाला. मोगलांशी तह असताना संभाजीराजांच्या नावच्या मनसबीची फौज घेऊन ते औरंगाबादेला होते. नुसती तलवार मारणाऱ्याला परक्या छावणीत, रोज बदलणाऱ्या राजकारणात असे ठेवीत नाहीत. पुढे 1672 साली साल्हेरला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव यांनी मोगलांचा मोकळ्या मैदानावर पराभव केला. म्हणजे नेसरीला मेलेला माणूस कोणी वेडापिसा शिलेदार नव्हता. युद्ध आणि वाटाघाट दोन्ही कळणारा तो अनुभवी सेनापती होता. गाण्यामुळे आपल्या मनात त्याचे वेड तेवढे राहिले.

या मरणाचे मूळ उमराणीत आहे. मार्च 1673 मध्ये पन्हाळा मराठ्यांकडे आला. तो परत घेण्यासाठी विजापूरचा सरदार बहलोलखान निघाला. एप्रिलमध्ये जतजवळच्या उमराणीला प्रतापरावांनी त्याला गाठले, आणि गाठले ते पाणी तोडून. उन्हाळ्याचे दिवस, माणसे-जनावरे तहानेने व्याकूळ झालेली. खान शरण आला, बोलणी झाली, प्रतापरावांनी त्याला वाट दिली. शिवाजी महाराजांना ते मानवले नाही. आणि तोच खान पुन्हा मुलखात उतरला, तेव्हा त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा निरोप गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 24 फेब्रुवारी 1674, महाशिवरात्र.

सहा स्वारांचा आकडा कवीच्या मनातून आलेला नाही. रायगडावरून नारायण शेणवी मुंबईच्या इंग्रजांना बातम्या लिहीत असे. एप्रिल 1674 मधल्या त्याच्या पत्रात आहे की, दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेले आणि बाकीच्या फौजेची मदत त्यांना पोचली नाही. नावे मात्र त्या पत्रात नाहीत. सभासदाच्या बखरीतही नाहीत. आज फलकांवर आणि भाषणांत जी सहा नावे वाचायला-ऐकायला मिळतात, त्यांच्यामागे त्या काळचा असा आधार नाही. नंतरच्या माणसांनी मोकळी जागा पाहिली आणि भरून काढली.

आणि एकाचे नाव राहिले ते कसे? शौर्य तर सातांचेही तेवढेच होते. मरताना कुणाला अर्धे मरता येत नाही. नाव राहिले, कारण त्या नावामागे घराणे होते आणि ते घराणे गादीला जोडले गेले. मार्च 1680 मध्ये रायगडावर प्रतापरावांची मुलगी जानकीबाई हिचे लग्न दहा वर्षांच्या राजाराम महाराजांशी झाले. बाप पडला, त्याची लेक सून करून घेतली. धन्याने इमान राखले, यात शंका नाही. त्यानंतर महिन्याच्या आतच शिवाजी महाराज गेले. पुढे राजाराम जिंजीला असताना त्यांच्याच सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 साली बखर लिहिली. म्हणजे प्रतापरावांच्या मरणाची हकीकत ज्या बखरीत आपण वाचतो, ती त्यांच्या जावयाने लिहवून घेतलेली आहे. यामुळे हकीकत खोटी ठरते असे मी म्हणत नाही. कागदावर कोण जातो आणि कोणाच्या दारातून जातो, एवढेच दाखवतो आहे.

घराण्याचे पुढचे पानही उपलब्ध आहे. शाहू औरंगजेबाच्या कैदेत वाढत असताना त्याला मुसलमान करण्याची बोलणी सुरू झाली. 1700 साली त्याच्या बदली प्रतापरावांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी धर्म सोडला, अशी हकीकत आहे. एकाचे नाव अब्दुर्रहीम झाले, दुसऱ्याचे अब्दुर्रहमान. बापाने प्राण दिला, मुलांनी धर्म दिला. प्रतापरावांचा पुतळा उभारणाऱ्यांच्या भाषणांत हे दोन मुलगे मी फारसे ऐकलेले नाहीत. सोयीचे तेवढेच घराणे आठवायचे, ही आपल्याकडची रीत जुनी आहे. पण आठवायचे ठरवले, तर या घराण्यातले चार जण सापडतात: बाप, लेक, दोन मुलगे. सहा स्वारांच्या लेकींचे काय झाले? त्यांना कोणी सून करून घेतले? हे विचारायला जागाच नाही, कारण त्या लेकींच्या बापांनाच नाव नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाचा दुसरा भाग. त्यात आपले कोण होते का?

सभासदाने घोडदळाची बांधणी सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, सगळ्यांवर सरनोबत. ही उतरंड शाळेच्या पुस्तकात असते, परीक्षेला येते. तिच्याच शेजारी सभासदाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती परीक्षेला येत नाही: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पंचवीस घोड्यांना पाणी पाजल्याशिवाय आणि त्यांच्या खुरांना नाल ठोकल्याशिवाय हवालदारापासून सरनोबतापर्यंत कोणीही जागचा हलत नव्हता.

पखाल कशाची असते? कातड्याची. मेलेले जनावर ओढले महाराने, कातडे कमावले ढोराने, खोगीर-लगामाच्या चामड्याला चांभाराचा हात लागला. त्याच कातड्यातले पाणी घोडा प्याला, स्वारही प्याला. स्वारीवर असताना ते पाणी बाटले नाही. गावात आल्यावर मात्र कातडे कमावणाऱ्याला पाणोठ्यावर पाय ठेवता येत नव्हता. उमराणीची लढाई पाण्यावर जिंकली, हे आपण अभिमानाने सांगतो. पाणी तोडले की पठाणासारखा पठाण शरण येतो, हे सरनोबताला कळले होते. ज्यांचे पाणी गावाने पिढ्यान्‌पिढ्या तोडले होते, त्यांना ते कोणी शिकवावे लागले नाही. 1927 साली महाडला बाबासाहेब तळ्यावर का गेले, हे उमराणीवरून मुलांना फार लवकर समजते. मी पुढे तसेच शिकवीत गेलो.

म्हणून मी असे म्हणेन: त्या सहांत आपला माणूस घोड्यावर होता, असे सांगण्यासारखा कागद नाही. गडांच्या घेऱ्यात महार, मांग, रामोशी यांच्या चौक्या होत्या. डोंगराच्या वाटांवर, रात्रीच्या पहाऱ्यावर ते होते. घोड्याची गोष्ट निराळी. घोडा ही दौलत आणि घोडा ही जात. आजही राजस्थान-गुजरातेत आपल्या नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढल्याच्या बातम्या येतात, आणि अशा वरातीला पोलीस बंदोबस्त द्यावा लागतो. तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसण्याची वाट कुणाला किती मोकळी होती, हे त्यावरून ताडावे.

आपल्या काही मंडळींना हा कागद नसल्याचे दुःख फार होते. सहांतला एखादा महार होता, असे ठोकून द्यावे, निदान एखादे 'नाक' लावलेले नाव घालावे, असे एका सभेत मला सुचवण्यात आले. मी नकार दिला. मोकळ्या जागेत दुसऱ्यांनी घातलेली नावे आपण उकरून काढायची आणि तिथे आपली घालायची, यात इतिहास कुठे आहे? आपल्याला खोट्या स्वाराची गरज नाही. पखालीवाला खरा आहे, तो पुरे.

नावे राहतात कशी, याची एक परदेशी गोष्ट सांगतो. कार्डिगन नावाचा स्वेटर आपल्यापैकी अनेकांनी घातला असेल. हे नाव इंग्रजांच्या एका घोडदळाच्या सेनापतीचे आहे. लॉर्ड कार्डिगन, जन्म 1797. उमराव घराण्यातला, पार्लमेंटात बसलेला, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पैसे मोजून पलटणीचा मुख्य झालेला. त्याचा वरिष्ठ लॉर्ड लूकन हा त्याच्याच बहिणीचा नवरा. दोघांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. 25 ऑक्टोबर 1854 रोजी क्रिमियात बालाक्लाव्हाला एका गोंधळलेल्या हुकमावर कार्डिगन सुमारे 670 स्वार घेऊन रशियन तोफांच्या तोंडी गेला. तो स्वतः सर्वांच्या पुढे होता, हे खरे. पण तो जिवंत परतला, आणि बंदरात उभ्या असलेल्या स्वतःच्या जहाजावर झोपायला जाण्याची त्याची सवय होती. शंभराहून अधिक स्वार मेले. तिथेही कविता झाली, तिथेही वेड गाजले.

फरक एका ठिकाणी आहे. त्या स्वारांची नावे आज सांगता येतात. शिपाई, बिगुलवाला, नाल मारणारा, सगळ्यांची. इंग्रज उमराव आपल्या सरदारांपेक्षा दयाळू होते, असे नाही. पगाराच्या हजेरीपटात ती नावे होती आणि ते पट सरकारने जपून ठेवले. नाव राहिले ते प्रेमाने नव्हे, पगाराने.

हेच कोरेगावच्या स्तंभावर दिसते. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावे कंपनी सरकारने दगडात कोरली. त्यांत 'नाक' शेवटी असलेली वीसहून अधिक नावे आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथे गेले. कंपनीला आपला कळवळा नव्हता. पुढे तिच्याच वारसांनी 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहावा लागला. पण तोवर दोन-तीन पिढ्या हजेरीपटावर चढल्या होत्या. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी आणि वडील रामजी सुभेदार त्याच पटातले. सरनोबताच्या घराण्याला गादीने नाव दिले, सकपाळांच्या घराण्याला पलटणीने. आणि ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही, ते फार मोठ्या संख्येने गावातच राहिले.

आमचे घर त्यांतले. कोल्हापूर संस्थानात गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारले, आणि शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा करून गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. पागा तीच, पाणी तेच. माझे आजोबा मात्र पागेतही नव्हते. गावात अंमलदार आला की महारकीच्या पाळीप्रमाणे त्याच्या घोड्याला वैरण घालायची, लगाम धरून वेशीपर्यंत पुढे पळायचे, हे त्यांचे काम. घोड्याच्या चालीने पळावे लागे, माणसाच्या नव्हे. 1918 साली महाराजांनी महार वतने खालसा केली, मग वेठही बंद केली. तेव्हा आजोबा विशीबाविशीचे असतील. म्हातारपणी रस्त्याने टांगा गेला तरी ते बाजूला सरकून उभे राहत. मी विचारले की म्हणत, "पायास्नी कळतंय, मला न्हाई."

मे 1674 मध्ये, म्हणजे नेसरीनंतर अडीच-तीन महिन्यांनी आणि राज्याभिषेकाच्या तोंडावर, चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीला महाराजांनी एक पत्र लिहिले आहे. वैरण जपून वापरा, रयतेच्या घरून काही उचलू नका, रात्री दिवे उघडे ठेवू नका, नाहीतर उंदीर जळती वात नेईल आणि गंजी पेटेल, असा त्याचा आशय. सरनोबत नुकताच पडलेला आणि राजाला गवताच्या काडीची काळजी. ते पत्र मी दर वर्षी वर्गात समजावून सांगत असे. ती वैरण डोक्यावरून आणली कोणी, हे त्यात नाही. पण वैरण तरी आहे.

मागच्या वर्षी नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता. तो वही घेऊन माझ्याकडे आला. माझे, वडिलांचे, आजोबांचे अशी तीन नावे मी सांगितली आणि थांबलो. आत्या जवळच तांदूळ निवडीत बसली होती. नव्वदीची आहे, कान गेलेत, पण हे ऐकले. म्हणाली, आजोबांच्या बापाचं नाव मला ठावं न्हाई, आईचं ठावं हाय. ती भागू. पाटलाच्या घोड्यांस्नी गवात आणायची.

नातू विचारू लागला की वंशवृक्षात बाईचे नाव चालते का. मी म्हटले, लिही.