न्यूजरीडर, ब्राउझर, ॲप : संगणकावरच्या चर्चेची साधने

संगणकावर चालणारी सार्वजनिक चर्चा वेबपेक्षा जुनी आहे आणि ती कोणत्या साधनातून वाचायची, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. आज तो ‘ॲप घ्यावे की ब्राउझरमध्येच वाचावे’ असा विचारला जातो. उत्तर देताना वेग, सोय, डेटाचा खर्च, येणाऱ्या सूचना यांचा हिशेब होतो. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर या हिशेबात सहसा न येणारी एक बाब सर्वांत निर्णायक ठरलेली दिसते: चर्चा साठवणारा आणि ती वाचण्याचे साधन पुरवणारा एकच आहे, की दोघे वेगळे आहेत?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शिक्षणासाठी उभारलेल्या ‘प्लेटो’ या प्रणालीत हे दोघे पूर्णपणे एक होते. तिथे प्रणालीतील दोष कळवण्यासाठी एक सामाईक फाइल असे. तिच्यात कोणीही लिहावे आणि दुसऱ्याचे लिहिलेले कोणीही पुसावे, अशी अवस्था होती. ऑगस्ट १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यावर ‘नोट्स’ हा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक मजकुराला लिहिणाऱ्याचे नाव आणि वेळ आपोआप चिकटू लागली, प्रतिसाद मूळ मजकुराखाली क्रमाने लागू लागले. मराठी संकेतस्थळांवर आज ज्याला ‘धागा’ म्हणतात, त्याची घडण इथे दिसते. पण प्लेटोच्या टर्मिनलसमोर बसल्याशिवाय नोट्स वाचता येत नसत.

घरच्या संगणकांसाठीचा मार्ग शिकागोत निघाला. जानेवारी १९७८ मधील हिमवादळात घरी अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी रँडी सूस यांच्यासोबत एक संगणकीय फलक तयार केला आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो ‘सीबीबीएस’ नावाने सुरू झाला. मोडेम टेलिफोनला जोडून फलकाचा नंबर फिरवायचा, आलेले निरोप वाचायचे, आपला लिहायचा. फोनची लाइन एकच असल्याने एका वेळी एकालाच आत जाता येई. अशा बुलेटिन बोर्डांची संख्या पुढे खूप वाढली, तरी प्रत्येक फलक आपल्या शहरापुरता राही, कारण दूरच्या शहरातला फलक वाचायचा तर ट्रंक कॉलचे पैसे भरावे लागत.

यूजनेटने या सगळ्याची मांडणीच बदलली. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये तिची कल्पना मांडली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी पहिले प्रोग्रॅम लिहिले आणि १९८० मध्ये जाळे सुरू झाले. यूजनेटला केंद्र नव्हते. एका विद्यापीठातला संगणक रात्री दुसऱ्याला फोन लावी आणि दोघांकडे नसलेल्या मजकुराची देवघेव होई. एकाच ठिकाणी लिहिलेला लेख अशा रीतीने काही दिवसांत शेकडो संगणकांवर पोहोचे. १९८६ मध्ये ‘एनएनटीपी’ हा या देवघेवीचा नियमसंच प्रसिद्ध झाला. तो कोणालाही वापरण्यास खुला होता.

चर्चा एका नियमाने साठवली जाते आणि नियम सर्वांना ठाऊक आहेत, म्हटल्यावर ती वाचण्याचा प्रोग्रॅम कोणीही लिहू शकतो. तसेच झाले. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये ‘आरएन’ हा न्यूजरीडर लिहिला. पुढे ‘पर्ल’ ही संगणकभाषा घडवणारे ते हेच. आरएनमध्ये ‘किल फाइल’ नावाची सोय होती. नको असलेले विषय किंवा नको असलेल्या लेखकांची नावे तिच्यात लिहून ठेवली की ते मजकूर डोळ्यांसमोर येतच नसत. आरएनवर आधारलेल्या ‘टीआरएन’मध्ये कोणता प्रतिसाद कोणाला आहे, हे शाखा-उपशाखांच्या आकृतीने दिसे. काय दिसावे, कोणत्या क्रमाने दिसावे, काय लपावे, हे सर्व वाचणारा स्वतः ठरवी. आजच्या भाषेत न्यूजरीडर हे ‘ॲप’च होते: एका कामासाठी वेगळा बसवलेला प्रोग्रॅम. वाचकाच्या हाती इतका अधिकार देणारी साधने नंतर फार थोडी झाली.

भारतात अशा जाळ्याची सुरुवात १९८६ मध्ये हाती घेतलेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पातून झाली. त्यात मुंबईतील दोन संस्था आघाडीवर होत्या, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी. मराठी माणसांची यूजनेटवरची चर्चा मात्र मुख्यतः परदेशातील विद्यार्थी आणि अभियंते यांच्यामुळे वाढली. त्यांच्यासाठी ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा वेगळा गट होता. तिथे मराठी रोमन लिपीतच लिहिली जाई, कारण देवनागरी दिसण्याची सोय नव्हती.

वेबची जाहीर ओळखही यूजनेटवरच झाली. ६ ऑगस्ट १९९१ रोजी टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या प्रकल्पाची माहिती तिथल्या हायपरटेक्स्टविषयक गटात लिहिली. १९९३ मध्ये मोझेक आला आणि ब्राउझर सामान्य वापरकर्त्याच्या हाती गेला. सुरुवातीचा वेब वाचण्यासाठीच होता. पानावर रकाने भरून मजकूर पाठवण्याची सोय झाल्यावर त्यावर लिहिताही येऊ लागले. मग चर्चेसाठी तयार प्रोग्रॅम निघाले. त्यांतले पीएचपीबीबी आणि व्हीबुलेटिन हे दोन्ही २००० सालचे. साधी जागा भाड्याने घेऊन कोणीही आपले चर्चास्थळ थाटू शकला.

या बदलात मिळाले तसे गमावलेही. कोणताही प्रोग्रॅम न बसवता, सायबर कॅफेत किंवा कचेरीत, कुठल्याही संगणकावरून चर्चेत शिरता येऊ लागले. प्रत्येक धाग्याला स्वतःचा पत्ता मिळाला. तो दुसऱ्याला पाठवता येई, वाचनखूण म्हणून ठेवता येई, शोधयंत्राला सापडे. यूजनेटच्या बहुतेक सर्व्हरांवर जुने लेख काही दिवसांनी पुसले जात; वेबवरचा धागा दहा वर्षांनीही नव्या वाचकापुढे येऊ शकला. ज्ञानाच्या साठ्याच्या दृष्टीने हा फार मोठा लाभ होता. उलट किल फाइल गेली, शाखांची आकृती गेली आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे सदस्यनाम घेण्याची पाळी आली. मजकूर साठवणारे संकेतस्थळच आता तो कसा दिसावा हेही ठरवू लागले. साधन आणि साठा पुन्हा एकाच हाती आले. फक्त ब्राउझर सर्वांचा होता, त्यामुळे तो हात फार घट्ट आवळला जाऊ शकत नव्हता.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सुरू केले. पुढच्याच वर्षी गणेशचतुर्थीला अमेरिकेत ‘मायबोली’ सुरू झाली. तिच्या ‘हितगुज’ विभागात जगभरचे मराठी लोक एकमेकांना भेटू लागले. प्रारंभीची मोठी अडचण लिपीची होती. फाँट उतरवून घेतल्याशिवाय देवनागरी मजकूर वाचता येत नसे आणि एका ठिकाणचा फाँट दुसरीकडे चालत नसे. विंडोज २००० मध्ये युनिकोडनुसार देवनागरीची सोय आली आणि ही कोंडी फुटली. ‘मनोगत’ (२००४) आणि ‘मिसळपाव’ (२००७) ही संकेतस्थळे त्यानंतरची. या पिढीतील संकेतस्थळांनी टंकलेखनाची सोयही पानातच ठेवली: रकान्यात रोमन अक्षरे उमटवली की तिथेच त्यांची देवनागरी होई. कळफलकाचा वेगळा प्रोग्रॅम बसवण्याची मुभा नसलेल्या कचेरीतल्या संगणकावरून हजारो लोक मराठी लिहायला लागले, ते या ब्राउझरमधल्या सोयीमुळे. मराठी गद्यावर झालेले हे उपकार मोठे आहेत. त्यांची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

मोबाइलवर हीच लिपी पुन्हा अडली. स्मार्टफोनच्या आरंभकाळात अनेक फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. त्या वेळी ऑपेरा मिनी हा छोटा ब्राउझर कामी आला. २००६ पासून जगभर मिळू लागलेल्या या ब्राउझरमध्ये पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर आवळले जाई आणि मग फोनवर येई. त्यामुळे महागडा डेटा वाचे. त्याच्या आतल्या मांडणीत एक पर्याय होता: गुंतागुंतीच्या लिप्यांची अक्षरे चित्ररूपाने पाठवण्याचा. तो चालू केला की फोनमध्ये फाँट नसतानाही मराठी दिसे. फोनमध्येच देवनागरी आणि तिचा कळफलक आल्यावर या युक्तीची गरज संपली.

आजच्या अर्थाचे ‘ॲप’ या काळातले आहे. त्याच्या जन्माची कथा थोडी उलटी आहे. जून २००७ मध्ये आयफोन बाजारात येण्याच्या तोंडावर ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी बाहेरच्या प्रोग्रॅमरांना सांगितले की त्यांनी सफारी ब्राउझरमध्ये चालणारे वेब ॲपे लिहावीत. प्रोग्रॅमरांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने धोरण बदलले आणि १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपांसह ॲप स्टोअर उघडले. अँड्रॉइडचे दुकान त्याच वर्षी ऑक्टोबरात आले. दोन वर्षांत वारे इतके फिरले की २०१० मध्ये ‘वायर्ड’ मासिकाने मुखपृष्ठावरच वेब मेल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१२ मध्ये फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी मोबाइलसाठी वेबच्या तंत्रावर विसंबून राहणे ही आपल्या कंपनीची मोठी चूक असल्याचे सांगितले. त्या काळच्या फोनांवर ब्राउझर खरोखरच अडखळत असे. ॲप झरझर चाले, कॅमेरा वापरू शके आणि कोणी प्रतिसाद दिला की सूचना पाठवू शके. चर्चेच्या बाबतीत ही सूचनाच सर्वांत प्रभावी ठरली, कारण वाचक आपणहून येण्याची वाट पाहावी लागत नाही.

जुन्या चर्चास्थळांपैकी अनेकांनी या काळात ‘टॅपाटॉक’चा आधार घेतला. संकेतस्थळाच्या चालकाने आपल्याकडे एक पूरक प्रोग्रॅम बसवला की सदस्यांना एकाच ॲपमध्ये वेगवेगळी चर्चास्थळे वाचता येत. न्यूजरीडरची कल्पनाच पुन्हा आली होती. फरक इतका, की मधला दुवा आता एका खासगी कंपनीकडे होता.

भारतात ॲपचा आग्रह सर्वांत टोकाला गेला तो खरेदीच्या क्षेत्रात, पण त्याचा अनुभव चर्चेलाही लागू पडतो. मे २०१५ मध्ये मिंत्रा या बंगळुरूच्या कंपनीने आपले संकेतस्थळ बंद करून केवळ ॲप ठेवले आणि जून २०१६ मध्ये संकेतस्थळ परत आणले. फ्लिपकार्टनेही मोबाइलवरचे संकेतस्थळ मिटवले होते. २०१५ च्या अखेरीस ‘फ्लिपकार्ट लाइट’ या नावाने ते ब्राउझरमध्ये परतले. कमी साठवणक्षमतेचे फोन आणि तुटक जोडणी असलेल्या देशात प्रत्येक कामासाठी वेगळे ॲप बसवणे लोकांना परवडणारे नव्हते. फ्लिपकार्ट लाइट ज्या तंत्रावर उभे होते, त्याला त्याच वर्षी ॲलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरीमन यांनी ‘प्रोग्रेसिव्ह वेब ॲप’ हे नाव दिले. पान एकदा उघडले की त्याचा आवश्यक भाग फोनमध्ये राहतो, जोडणी नसतानाही ते उघडते आणि सूचनाही पाठवते. क्रोममध्ये सूचनांची सोय २०१५ मध्ये आली. आयफोनवर ती यायला मार्च २०२३ उजाडले आणि त्या आठ वर्षांत आयफोनधारकांना सूचना हवी तर ॲपच बसवावे लागले. दरम्यान २०१३ मध्ये आलेल्या ‘डिस्कोर्स’ने चर्चास्थळाचे एकच पान संगणक आणि फोन दोन्हींवर नीट चालेल अशी रचना केली होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने स्वस्त डेटा आणल्यावर मराठीतील गप्पांचा मोठा ओघ व्हॉट्सॲपच्या गटांत गेला. ज्यांनी कधी संकेतस्थळावर सदस्यनाम घेतले नव्हते, असे असंख्य लोक त्यामुळे लिहिते झाले. पण गटातल्या निरोपाला पत्ता नसतो. गटाबाहेरच्या कोणाला तो शोधयंत्रात सापडत नाही आणि गटात नव्याने येणाऱ्यापुढे मागची सगळी चर्चा उलगडत नाही. मायबोलीवर पाककृतीचा, आजारपणाचा किंवा गडवाटेचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा धागा आजही नवख्याला उपयोगी पडतो. व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न दर वर्षी नव्याने विचारला जातो आणि उत्तर देणाऱ्याचे कष्ट दर वेळी वाहून जातात.

साधन आणि साठा एकाच हाती असण्याचे परिणाम २०२३ मध्ये उघड झाले. जानेवारीत ट्विटरने बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी लिहिलेली ॲपे एकाएकी बंद पाडली. रेडिट तर २००५ पासून ब्राउझरमध्ये वाढलेले. त्याची मोबाइल ॲपे अनेक वर्षे बाहेरच्या लोकांनीच लिहिली होती आणि कंपनीचे मुख्य ॲप २०१६ मध्ये आले. २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या ॲपांना मजकूर पुरवण्यासाठी दर लावला: दर हजार मागण्यांना २४ सेंट. ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपच्या लेखकाने हिशेब मांडला, तो वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर भरला. १२ जूनला हजारो विभागांनी निषेध म्हणून आपली दारे बंद केली, पण दर कायम राहिला आणि ३० जूनला अपोलो बंद झाले. अंध वाचकांना सोयीची असलेली काही ॲपे विनाव्यापारी म्हणून या दरातून वगळावी लागली, कारण कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये तशी सोय पुरेशी नव्हती.

त्या उन्हाळ्यात रेडिट सोडणाऱ्यांपैकी काही जण ‘लेमी’कडे वळले. लेमी वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांवर पसरलेले आहे. हे सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या खुल्या नियमसंचानुसार एकमेकांशी मजकुराची देवघेव करतात. वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली होती. लेमीवरचा धागा ब्राउझरमध्ये वाचता येतो आणि कोणीही लिहिलेल्या ॲपमध्येही. रेडिटसाठीचे ‘सिंक’ हे ॲप बंद करावे लागल्यावर त्याच्या लेखकाने काही आठवड्यांतच ते लेमीसाठी नव्याने उपलब्ध करून दिले.