विहिरीतून काचेत: माशांच्या टाकीची गोष्ट



रत्नागिरीच्या बाजारातून हौसेनं काचेची टाकी आणली, रंगीत मासे सोडले, मुलं दोन दिवस टाकीसमोरून हलली नाहीत. आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा उलटा होऊन पाण्यावर तरंगायला लागला. असं आपल्यापैकी कितीतरी घरांत झालं असेल. मग कुणी म्हणतं दुकानदारानं फसवलं, कुणी म्हणतं दृष्ट लागली. शोभिवंत मासे वाढवून विकायचं ठरवलेल्या बचत गटाचा तर नुसता हिरमोड होत नाही, गटाचे पैसेच बुडतात. टाकीतले मासे का मरतात, हे कोडं सोडवायला माणसाला बराच काळ लागला. त्याचीच गोष्ट आज सांगते.

मासे सांभाळणं आपल्याला नवीन नाही. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत मासे, कासव सोडायची पद्धत कोकणात जुनी आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथले महसीर जातीचे मोठे मासे वरदायिनी देवीचे मानतात. लोक त्यांना खाऊ घालतात, पण त्यांना कुणी पकडत नाही. मात्र विहीर असो की कोंड, तिथं पाणी भरपूर असतं. माशांनी केलेली घाण पोटात घ्यायला जागा असते. काचेच्या टाकीत ती जागा नसते आणि अडचण तिथूनच सुरू होते.

काचेच्या टाकीत जलचर ठेवून त्यांचा अभ्यास करण्याची सुरुवात केली ती एका बाईनं. झान व्हिलप्रो-पॉवर हे तिचं नाव. ती १७९४ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात, चांभाराच्या घरी जन्मली. तरुणपणी पॅरिसला जाऊन ती कपडे शिवायला लागली आणि एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावरच्या भरतकामानं तिचं नाव झालं. लग्नानंतर ती इटलीजवळच्या सिसिली बेटावर राहायला गेली. तिथल्या समुद्रात आपल्या माकुलाच्या नात्यातला, पातळ कवचात राहणारा एक प्राणी मिळतो. हे कवच तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचं बळकावतो, यावर विद्वानांत वाद होता. झाननं १८३२ साली काचेच्या टाक्या करून घेतल्या, त्यांत हे प्राणी ठेवले आणि रोज बघत राहिली. कवच तो स्वतःच बनवतो, फुटलं तर स्वतःच सांधतो, हे तिनं दाखवून दिलं.

त्यानंतर १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञानं गोड्या पाण्याच्या टाकीत दोन छोटे गोल्डफिश ठेवले आणि सोबत एक पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा त्याचा हिशेब होता. पण जुनी पानं कुजली आणि पाणी गढूळ झालं. मग त्यानं तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, तेव्हा पाणी निवळलं. टाकीत एकटा मासा जगत नाही, त्याच्या भोवतीचं सगळं घर नीट लागतं, हा धडा तिथं मिळाला.

तरीही हिशेबातला एक भाग राहिलाच होता. माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विष आहे. १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं दाखवलं की काही सूक्ष्म जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, पण नायट्रेट पुष्कळ कमी त्रासाचं. हे जिवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र पहिल्याच दिवशी दहा मासे सोडतो!

आता आपल्याकडचं बघू. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. रत्नागिरीत १९५८ साली सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आलं. तिथलं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी शाळेच्या सहलीत बघितला असेल. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ सालचं. झान जे एकटीनं करत होती, ते शिकवणारी माणसं आज आपल्याच जिल्ह्यात आहेत.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? आपला हात स्वच्छतेचा आणि इथं तोच घात करतो. मासे मलूल दिसले की आपण टाकी रिकामी करतो, वाळू आणि स्पंज साबणानं खसखसून धुतो. त्यात ती सगळी वस्ती मरते आणि साबणाचा अंश राहिला तर मासेही मरतात. ही वस्ती म्हणजे विरजण समजा. ते सगळं धुवून टाकलं तर दही लागणार कसं? म्हणून आठवड्याला पावभागच पाणी बदलायचं. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. नवी टाकी लावताना शेजारणीच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा मागून आणायचा, विरजण आणतो तसा. सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडायचे. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात. असं पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक-दोन दिवस उघडं ठेवून मगच वापरा. जांभ्याच्या भागातलं पाणी बहुधा मऊ असतं आणि गप्पी, मोली यांना थोडं जड पाणी मानवतं. त्यासाठी स्वच्छ धुतलेले एक-दोन शिंपले टाकीत ठेवले तरी मदत होते. नवीन आणलेला मासा दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे एकाचा रोग सगळ्यांना लागणार नाही. आणि नको झालेले मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नका. परके मासे आपल्या माशांचं खाणं आणि अंडी दोन्ही फस्त करतात.

गटानं धंदा करायचा असेल, तर आधी एकच टाकी लावा आणि दोन महिने ती नीट चालवून दाखवा. पुढच्या टाक्यांचं विरजण त्याच टाकीतून मिळेल आणि पैसे घालायचे की नाही, हेही तीच सांगेल. झानकडं शिक्षण बेताचं होतं, पण ती रोज टाकीसमोर बसून बघायची. तेवढं बघणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.