ओतशाळांचे आधुनिकीकरण व ओतिवांची गुणवत्ता

वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू तयार करणाऱ्या कारखान्यास ओतशाळा म्हणतात. महाराष्ट्रात बिडाच्या ओतकामाला उद्योगाचे स्वरूप येण्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात वसविलेल्या किर्लोस्करवाडीचा वाटा मोठा आहे. तेथे लोखंडी नांगर तयार होत. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या तेल एंजिनांचे भाग ओतले जाऊ लागले आणि शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत हा व्यवसाय विस्तारला. मोटारींच्या सुट्या भागांची मागणी वाढल्यावर मापे व धातूचे गुणधर्म यांविषयीच्या अटी कडक झाल्या आणि यंत्रसामग्री बदलणे भाग पडले.

पूर्वी ओलसर वाळू हाताने ठासून साचे करीत. ठासणी सैल राहिल्यास धातूच्या दाबाने साच्याची भिंत सरकून ओतीव फुगत असे. ती फार घट्ट झाल्यास वायूला वाट न मिळून ओतिवात छिद्रे पडत. यांत्रिक ठासणीने सर्व साचे सारखे घट्ट होतात व मापे अचूक येतात. मात्र यंत्राच्या वेगामुळे तीच वाळू पुरेशी निवण्यापूर्वी पुन्हा वापरात येते. गरम वाळूतील ओलाव्याचे प्रमाण स्थिर राहत नाही आणि एकच दोष शेकडो ओतिवांत उतरतो.

वितळण क्रियेतही असेच घडले. कुपोला भट्टीत धातूचा कोकशी प्रत्यक्ष संबंध येऊन त्यात गंधक शिरते. १९४८ मध्ये जाहीर झालेल्या गोलकी ग्रॅफाइटाच्या चिवट बिडासाठी मॅग्नेशियम वापरतात. गंधक त्याच्याशी संयोग पावून ते निष्प्रभ करते. विद्युत् प्रवर्तन भट्टीत इंधनाचा संपर्क नसल्याने ही अडचण कमी होते व तापमानावरही नियंत्रण राहते. परंतु तीत धातू फार तापविल्यास अथवा फार वेळ ठेवल्यास ग्रॅफाइटाची बीजकेंद्रे घटतात. मग पातळ भाग पांढरे, कठीण व ठिसूळ बनतात आणि यंत्रणास दाद देत नाहीत. म्हणून ओतण्यापूर्वी त्यात अल्प प्रमाणात फेरोसिलिकॉन मिसळावे लागते.

सारांश, यंत्रांनी हातकामातील कमीजास्तपणा दूर केला, पण दोषाची शक्यता नाहीशी केली नाही. पूर्वी एका कारागिराची चूक एका साच्यापुरती राही. आता ती संपूर्ण पाळीचे उत्पादन बाद करू शकते. त्यामुळे भट्टी व साचायंत्र यांच्याइतकीच वाळूची व धातूची नियमित तपासणी करणारी प्रयोगशाळाही आधुनिक ओतशाळेस आवश्यक ठरते.