बांधकामाचे अंदाजपत्रक आणि स्प्रेडशीट : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बांधकाम-खर्चाचा आगाऊ अंदाज बांधण्याची शिस्त संगणकाहून बरीच जुनी आहे. भारतात १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम विभाग स्थापन झाला. त्याच वर्षी या विभागास दुय्यम अधिकारी पुरविण्यासाठी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. सरकारी कामकाजात रुजलेल्या अंदाजपत्रकाची मोजमाप, दर व गोषवारा ही तीन अंगे होत. संख्या, लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकारातून परिमाण निघते. दरसूचीतून दर घेतला जातो. गोषवाऱ्यात दोहोंचा गुणाकार करून एकूण रक्कम काढली जाते. हाताने लिहिण्याच्या काळात सिमेंटचा किंवा मजुरीचा एक दर बदलला, तरी त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुन्हा मांडावे लागत.

नेमक्या याच स्वरूपाच्या अडचणीतून स्प्रेडशीटचा जन्म झाला. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरील तक्त्यात एक आकडा बदलताच पुढील आकडे पुसावे लागतात, हे जाणवले. त्यांनी व बॉब फ्रँकस्टन यांनी घडविलेले ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ मध्ये बाजारात आले. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एक्सेल’ उपलब्ध झाले. अंदाजपत्रक मुळातच ओळी व स्तंभांचे असल्याने त्याला हे साधन सहज मानवले.

तथापि, वेगाबरोबर एक नवा धोकाही आला. १९८०च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील एका बांधकाम कंपनीने ‘लोटस’च्याच ‘सिम्फनी’ या प्रणालीवर निविदा तयार केली. त्यात मागाहून घातलेली सुमारे २,५४,००० डॉलरच्या सर्वसाधारण खर्चाची ओळ बेरजेच्या सूत्रात आलीच नाही. निविदा तेवढ्या रकमेने कमी भरली गेली. कंपनीने ‘लोटस’विरुद्ध दावा दाखल केला, पुढे तो मागे घेण्यात आला.

या घटनेचा अर्थ केवळ तांत्रिक नाही. हस्तलिखित गोषवाऱ्यात प्रत्येक बेरीज तपासणाऱ्याच्या नजरेखालून जात असे. स्प्रेडशीटमध्ये उत्तर दिसते, सूत्र मात्र चौकटीआड राहते. शिवाय दर जुना असेल, तर अचूक गुणाकारही चुकीचीच रक्कम देतो. म्हणून अभ्यासक्रमात स्प्रेडशीट शिकविताना सूत्रांची पडताळणी आणि दर-पृथक्करण यांना समान स्थान द्यावयास हवे. साधनाने आकडेमोडीचे श्रम हलके केले. सार्वजनिक पैशाच्या हिशेबाची जबाबदारी मात्र पूर्वीप्रमाणेच सही करणाऱ्यावर राहिली आहे.