समनरचं कोर्ट पुन्हा १९५५ सारखं का केलं?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या टॅलाहॅची काउंटीला (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) दोन मुख्यालयं आहेत: चार्ल्सटन आणि समनर. समनर हे कापसाच्या पट्ट्यातलं छोटंसं गाव. गावाच्या चौकात विटांची, गोल कमानींची आणि घड्याळाच्या मनोऱ्याची एक भारदस्त इमारत दिसते. हेच तिथलं कोर्ट. २०व्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ही इमारत रिचर्डसोनियन रोमानेस्क शैलीची आहे.

इथे काय घडलं?

सप्टेंबर १९५५ मध्ये इथे पाच दिवस एक खटला चालला. शिकागोहून नातेवाइकांकडे आलेल्या एम्मेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा. त्याच्या आईचे काका मोझ राइट यांनी भर कोर्टात आरोपी ओळखले. तरीही १२ गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभरात रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मिलम यांना निर्दोष सोडलं.

१९५६ मध्ये 'लुक' मासिकाकडून पैसे घेऊन दोघांनी खुनाची कबुली दिली. पण एकदा निर्दोष सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. त्यामुळे शिक्षा कुणालाच झाली नाही.

आज काय आहे?

२००७ मध्ये याच कोर्टासमोर स्थानिकांनी टिल कुटुंबाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मधल्या काळात बदललेली कोर्टरूम नंतर पुन्हा १९५५ सारखी करण्यात आली. २०२३ मध्ये एम्मेट आणि त्याची आई मॅमी टिल-मोब्ली यांच्या नावाने राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. ही इमारत आता त्याचा भाग आहे.